विकी सगळ्यांना उघडा ठेवायचा, तर स्पॅम आवरायचं कसं?

मुठाकाठी
नमस्कार मंडळी. पुण्यातल्या जुन्या पाण्याच्या जागांचा, म्हणजे हौद, विहिरी, कात्रजचा नळ (तलावातून शहरात पाणी आणणारी जुनी भुयारी वाट), त्याचे उच्छ्वास (त्यावरचे हवेचे झरोके) यांचा आपण सगळ्यांनी मिळून उभा केलेला जो विकी आहे, त्याच्यासाठी हा धागा काढतेय.

गणपती झाल्यापासून स्पॅम फार वाढलंय. 'अलीकडील बदल' उघडलं की 'फडके हौद' आणि 'बदामी हौद' यांच्या मधे कुठल्यातरी बेटिंग ॲपच्या बोनसचं इंग्रजी पान दिसतं. ते काढेपर्यंत पॅकर्स-मूव्हर्सची दोन आलेली असतात. हे काम करणारे आपण मोजके, आणि प्रत्येकाला नोकरी-घर आहे.

इतके दिवस हा नुसता कचरा होता, उचलून टाकायचा. गेल्या आठवड्यात मात्र वेगळं घडलं. 'पाण्याची तक्रार कुठे करायची' या पानावरचा क्षेत्रीय कार्यालयाचा लँडलाइन क्रमांक कुणीतरी काढला आणि तिथे एक मोबाइल क्रमांक टाकला. बदलाचा सारांश शुद्ध मराठीत: 'जुना नंबर बंद आहे, नवीन टाकला'. लिंक नाही, जाहिरात नाही, इंग्रजी नाही. आपल्यापैकी कुणालाच शंका आली नाही. एका वाचकाने तिथे फोन केला तर समोरून उत्तर आलं की तुमची पाणीपट्टी थकली आहे, आज रात्री कनेक्शन तोडणार, वाचवायचं असेल तर पाठवतो ते ॲप मोबाइलवर घ्या. गृहस्थ सावध होते, फोन ठेवला आणि आपल्याला कळवलं. नंबर लगेच काढला आणि त्यांना १९३० वर तक्रार नोंदवायला सांगितलं.

यानंतर दोघा-तिघांनी मला वैयक्तिक निरोप पाठवले की आता विकी बंद करा, म्हणजे लॉगिन सक्तीचं, नवीन खातं आपण मंजूर केलं तरच. मला हे मनातून पटत नाही. आपल्या विकीवरच्या कितीतरी चांगल्या नोंदी लॉगिन न केलेल्या माणसांच्या आहेत. एका विहिरीच्या पानावर आपण 'बुजवली' एवढंच लिहिलं होतं. कुणीतरी येऊन एक ओळ जोडली की १९६१ च्या पुरानंतर तिच्यातला गाळ कसा उपसला आणि मग ती का वापरातून गेली. नाव नाही, खातं नाही, पुन्हा कधी आले नाहीत. त्यांना आधी अर्ज भरायला लावला असता तर ती ओळ आपल्याला मिळाली नसती.

पण मला सगळ्यांचं ऐकायचंय. मोकळेपणाने लिहा.

---

कोथरूडकर
ते वैयक्तिक निरोप पाठवणाऱ्यांत मी होतो, इथे उघड लिहितो.

सर्व्हर मी सांभाळतो, त्यामुळे जे दिसतं ते सांगतो. नवी खाती बहुतेक रात्री एक ते पाच या वेळात तयार होतात. साचा एकच: इंग्रजी नाव, आडनाव, पुढे आकडे. खातं काढलं की पहिलं काम स्वतःच्या सदस्यपानावर 'माझ्याबद्दल' म्हणून चार वाक्यं आणि शेवटी एक लिंक. बाकी विकीला हात लावत नाहीत. सदस्यपानं कुणी वाचत नाही, म्हणून आपल्याला ती महिनोन्महिने दिसलीही नसती.

दुसरा प्रकार जास्त चलाख. खातं काढून ठेवतात आणि काही दिवस गप्प बसतात. 'नवीन सदस्य' हा शिक्का गळाला की मग कामाला लागतात.

तिसरा प्रकार लपवलेल्या मजकुराचा. लेख जसाच्या तसा दिसतो, पण संपादनात उघडला की खाली शून्य उंचीच्या चौकटीत पन्नास लिंका. वाचणाऱ्याला दिसत नाहीत, सर्च इंजिनला दिसतात.

हे सगळं हाताने उपसत बसण्यापेक्षा दार लावावं असं मला वाटतं. महत्त्वाचं लिहायचं असेल तो माणूस खातं मागेल.

---

तांबट_आळी
कोथरूडकर, तुमचे कष्ट मला माहीत आहेत, आणि तुम्ही नसता तर हा विकी चाललाच नसता. पण शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही.

माझ्या ओळखीतले जे लोक हौदांबद्दल खरोखर काही जाणतात ते सत्तरीच्या पुढचे आहेत. नातवाच्या मोबाइलवर पान वाचतात, चूक दिसली की 'अरे हे असं नव्हतं' म्हणतात. त्या क्षणी 'संपादन' दाबून दोन शब्द बदलता आले तर बदलतात. तिथे ईमेल द्या, पासवर्ड ठरवा, मंजुरीची वाट पाहा असं आलं की मोबाइल नातवाकडे परत जातो. खातं मागणारे लोक वेगळे आणि माहिती असणारे लोक वेगळे, हा माझा अनुभव आहे. ही पिढी आणखी किती वर्षं सांगायला असणार आहे? आपलं काम घाईचं आहे.

वाड्यांना मोठा दरवाजा असायचा आणि त्यातच छोटा दिंडी दरवाजा. रात्री मोठा लावला तरी माणूस वाकून आत येऊ शकायचा, गाडी मात्र येऊ शकत नसे. तसं काही करता येतं का ते बघा.

---

हडपसरवाली
तांबट_आळी काकांना अनुमोदन.

रोज सकाळी लोकलच्या आधी मीच स्पॅम काढते, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

माझं म्हणणं असं की आपण 'कोण लिहितोय' यावर फार विचार करतोय. 'काय मिळवायला आलाय' हे बघितलं तर प्रश्न बराच सुटतो. स्पॅम टाकणाऱ्याला आपल्याकडून दोनच गोष्टी हव्या असतात: एक लिंक किंवा एक फोन नंबर. त्याला ह्रस्व-दीर्घ सुधारायचं नसतं, वर्ष बदलायचं नसतं, आठवण लिहायची नसते. आणि आपल्या खऱ्या नव्या माणसाला नेमकं हेच करायचं असतं, लिंक टाकायची गरज त्याला क्वचितच पडते. मग अडथळा लिंकेला आणि नंबरला लावा, माणसाला कशाला?

दुसरं, काढण्याचा खर्च. आत्ता मी प्रत्येक पान उघडते, वगळा दाबते, कारण लिहिते, पुन्हा मागे येते. मोबाइलवर हे फार कटकटीचं आहे. एका खात्याची सगळी नवी पानं एका झटक्यात काढायची सोय मीडियाविकीत, म्हणजे आपला विकी ज्या सॉफ्टवेअरवर चालतो त्यात, 'न्यूक' नावाने आहे ना? आणि एकाच सदस्याचे सलग बदल एका टिचकीत मागे नेण्याचा 'रोलबॅक'? ते दोन्ही अधिकार सध्या फक्त प्रचालकांना, म्हणजे विकीची व्यवस्था पाहणाऱ्यांना, आहेत. वर्षभर नीट काम केलेल्या आणखी काही जणांना ते द्या. स्पॅम टाकायला त्याला लागतो त्याहून कमी वेळ आम्हाला ते काढायला लागला, तर मला दार लावायची गरजच वाटणार नाही.

तिसरं, 'तपासलं' ही खूण. अलीकडील बदलांत न तपासलेल्या नोंदीपुढे लाल उद्गारचिन्ह येतं, पण आपण कुणी ती खूण करतच नाही. परिणामी एकच बदल तिघे तिघे उघडून बघतात आणि तक्रार-पानावरचा नंबर एकही जण बघत नाही.

---

दप्तरी
ताईंचं विश्लेषण अगदी नेमकं आहे. इतरांनी काय केलं ते थोडक्यात मांडतो, कारण हा प्रश्न विकीइतकाच जुना आहे.

वॉर्ड कनिंगहॅम यांनी पहिला विकी २५ मार्च १९९५ ला लोकांसमोर ठेवला. तिथे कुणीही काहीही बदलू शकत असे. तो आजही वाचता येतो, पण नासधुशीला कंटाळून अखेर संपादनासाठी बंद करावा लागला. म्हणजे नुसत्या सदिच्छेवर उघडेपण टिकत नाही, हे कोथरूडकरांचं म्हणणं खोटं नाही.

विकिपीडिया २००१ साली सुरू झाला, मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून आहे. इंग्रजी विकिपीडियाने सरसकट दार लावलं नाही, एकेक कृती वेगळी काढली. डिसेंबर २००५ पासून लॉगिन न केलेल्यांना नवा लेख सुरू करता येत नाही, पण असलेला लेख सुधारता येतो. २०१८ पासून नवा लेख थेट मुख्य भागात टाकायला खातं चार दिवसांचं आणि त्यावर दहा संपादनं हवीत. जर्मन विकिपीडियाने २००८ मध्ये तिसरीच वाट धरली: बदल कुणीही करावा, पण नवख्याचा बदल अनुभवी माणसाने पाहिल्यावरच सर्वसाधारण वाचकाला दिसतो. पोर्तुगीज विकिपीडियाने २०२० मध्ये लॉगिन सक्तीचं केलं, पण खातं कुणालाही, मंजुरीशिवाय काढता येतं.

आपल्यासारख्या छोट्या गटाला जर्मन पद्धत सगळीकडे झेपणार नाही. तपासणारे चार-पाच असतील तर रांग साचते, आणि आपण लिहिलेलं दिसतच नाही म्हटल्यावर नवा माणूस परत येत नाही. पण ठरावीक पानांसाठी ती उत्तम आहे. तक्रारीचं पान, पत्ते आणि फोन असलेली पानं, एवढीच त्यात घाला.

'नोफॉलो'बद्दलही लिहितो, कारण कुणीतरी विचारेलच. २००५ च्या जानेवारीत गूगलने ही खूण आणली: ती असलेल्या लिंकेमुळे समोरच्या साइटचं सर्चमधलं वजन वाढू नये, असा तिचा हेतू. इंग्रजी विकिपीडियाने २००७ मध्ये ती सगळ्या बाहेरच्या लिंकांना लावली. मीडियाविकीत ती मुळातच चालू असते, आपल्याकडेही आहे. पण स्पॅम टाकणारे यंत्र ती बघतच नाही, हजारो साइटवर एकदम फेकून पुढे जातं. त्यामुळे नोफॉलो ठेवावं, पण त्याच्यावर विसंबू नये. त्याहून उपयोगी म्हणजे सदस्यपानांचा सगळा विभाग सर्च इंजिनसाठी बंद करणं. आपले लेख शोधात दिसायला हवेत, सदस्यपानं दिसायची काही गरज नाही. सेटिंगमधली एक ओळ आहे.

---

कोथरूडकर
सदस्यपानांचं आजच केलं. न्यूक आपल्याकडे बसवलेलं आहेच, अधिकार द्यायचे फक्त.

हडपसरवाली ताईंचा 'लिंक आणि नंबर अडवा' हा मुद्दा मला पटला. माझा आग्रह दार लावण्याचा होता तो काम कमी व्हावं म्हणून. काम दुसऱ्या वाटेने कमी होत असेल तर मला दार उघडं असलेलंच आवडेल.

आयपी (इंटरनेट जोडणीचा पत्ता) ब्लॉक करण्याबद्दल मात्र एक सांगून ठेवतो, कारण ती सूचना दर वेळी येते. मोबाइल कंपन्या एकच आयपी पत्ता एका वेळी असंख्य ग्राहकांमध्ये वाटतात. एका स्पॅमवाल्यासाठी तो महिनाभर बंद केला तर अर्ध्या कोथरूडला 'तुम्हाला संपादनास बंदी आहे' असा फलक दिसेल, आणि स्पॅमवाला पाच मिनिटांत दुसऱ्या पत्त्यावरून येईल. म्हणून आयपीची बंदी काही तासांपुरतीच. लांब मुदतीची फक्त भाड्याच्या सर्व्हरांच्या आयपी पत्त्यांच्या पट्ट्यांवर, कारण तिथून घरी बसलेला माणूस येत नाही.

आता कॅप्चा, म्हणजे समोर यंत्र नसून माणूस आहे हे तपासणारा प्रश्न. मीडियाविकीच्या 'कन्फर्मएडिट' या जोडणीत तो नेमक्या प्रसंगालाच दाखवता येतो: खातं काढताना, आणि नवी बाहेरची लिंक जोडताना. साध्या संपादनाला काहीच येणार नाही. शिवाय भरवशाच्या साइटांची यादी देता येते, म्हणजे सरकारी संकेतस्थळं किंवा विकिपीडियाची लिंक टाकली तर प्रश्न येणार नाही. चित्रं ओळखा वाला तयार कॅप्चा लावू का? 'सिग्नल कुठल्या चौकोनात आहेत' तो.

---

पर्वती_पायथा
कृपया तो लावू नका.

मला दिसत नाही. मी स्क्रीन रीडरवर विकी ऐकतो आणि तसाच लिहितो. चित्रांच्या कॅप्चापुढे मी कायम बाहेरच राहतो. त्याला आवाजाचा पर्याय असतो, पण तो बहुतेक इंग्रजी आकड्यांचा, मुद्दाम गोंगाट मिसळलेला, आणि मराठी स्क्रीन रीडर मधेच बोलत असताना तो ऐकू येत नाही. एकदा चुकलं की दुसरा, मग तिसरा. शेवटी मी पान बंद करतो. माझ्यासारखे अजून असतील, ते तक्रारही करू शकणार नाहीत, कारण तक्रार लिहायला तोच कॅप्चा ओलांडावा लागतो.

साधा लिहिलेला प्रश्न चालेल. तो वाचून दाखवला जातो.

---

दप्तरी
हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. मग प्रश्नच ठेवू. 'क्वेस्टीकॅप्चा' कन्फर्मएडिटबरोबरच येतो, आपल्याला हवे ते प्रश्न आणि एकेका प्रश्नाची अनेक उत्तरं त्यात देता येतात. दुसरा फायदा म्हणजे वाचकांची माहिती बाहेरच्या कुठल्या कंपनीकडे जात नाही.

पण प्रश्न कसे असावेत यावर विचार करा. 'शनिवारवाड्याच्या मुख्य दरवाज्याचं नाव काय' हा प्रश्न पुणेकराला सोपा वाटेल, पण नागपूरहून किंवा बोस्टनहून लिहिणाऱ्याची ती परीक्षाच होते. पुण्याच्या इतिहासाची परीक्षा घेणं हा आपला हेतू नाही. 'सोमवारनंतर कोणता वार येतो? मराठीत लिहा' एवढं पुरे. जगभर फिरणारी स्वस्त यंत्रं देवनागरी उत्तर देण्याच्या फंदात पडत नाहीत. उत्तर आकड्यात असेल तर ७, सात आणि इंग्रजी आकडा, तिन्ही बरोबर धरा. 'मंगळवार'ला 'मंगळवारी'सुद्धा चालू द्या.

भाषा समजणारी नवी एआय यंत्रं हे प्रश्न सहज सोडवतात, हेही खरं. त्यांना यातून थांबवता येणार नाही. पण आत्ता येणाऱ्या लोंढ्यात ती थोडीच आहेत, बाकी सगळी ठरलेला जुनाच कार्यक्रम घोकणारी आहेत. प्रश्न फुटले असं दिसलं की बदलायचे.

---

भवानी_पेठ
+१ वाराच्या प्रश्नाला. माझ्या आईलाही जमेल.

---

नवा_भिडू
मी वाचकच आहे, आजवर एकही बदल केलेला नाही. धागा वाचून एक विचारतो. मी उद्या काही लिहिलं आणि लिंका-नंबर अडवणाऱ्या तुमच्या गाळणीत अडकलं तर मला कळेल का? की नुसतं गायब होईल? एका दुसऱ्या साइटवर मी बराच वेळ घालवून लिहिलं होतं, 'हानिकारक मजकूर' असा लाल फलक आला आणि लिहिलेलं सगळं गेलं. पुन्हा तिकडे गेलो नाही.

---

हडपसरवाली
अगदी योग्य प्रश्न. गाळणी लावायची तर तिचा संदेश आपण स्वतः, नीट मराठीत लिहू. 'तुमचा मजकूर सुरक्षित आहे. त्यात बाहेरची लिंक असल्याने एकदा तपासायला हवी. लिंक काढून जतन करा, किंवा चर्चापानावर टाका, आम्ही एका दिवसात जोडू.' 'हानिकारक', 'बंदी', 'उल्लंघन' हे शब्द नकोत. पहिल्यांदा आलेल्या माणसाला पहिलं वाक्य आरोपाचं ऐकू यायला नको. अब्यूजफिल्टरने, म्हणजे ठरवलेल्या नियमांनुसार बदल अडवणाऱ्या गाळणीने, अडवलं तरी लिहिलेला मजकूर संपादनाच्या चौकटीत तसाच राहतो, त्यामुळे तुमचं लिखाण जाणार नाही.

---

कोथरूडकर
अब्यूजफिल्टरमध्ये दोन नियम लिहून 'फक्त नोंद कर, अडवू नको' अशा स्थितीत लावलेत, आणि मागच्या काही महिन्यांच्या बदलांवर चालवून पाहिलेत.

पहिला: नवखं किंवा लॉगिन नसलेलं खातं, बाहेरची नवी लिंक, आणि जोडलेल्या मजकुरात देवनागरी एकही अक्षर नाही. हे तिन्ही असेल तरच. कॅसिनो, कर्ज, पॅकर्स, सगळं यात सापडतं. खरी माणसं जवळजवळ नाहीतच. जे एक-दोन होते ते इंग्रजी संदर्भ जोडणारे, त्यांना वरचा संदेश दिसेल.

दुसरा नियम फोन नंबरचा. आपल्याकडचे मोबाइल क्रमांक दहा आकडी आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होणारे. आकडे देवनागरी असोत की इंग्रजी, मधल्या रेघा आणि मोकळ्या जागा आधी काढून टाकतो, मग जुळवतो. पुण्याचे लँडलाइन ०२० ने सुरू होतात म्हणून ते यात अडकत नाहीत.

निकाल पाहिला तर या नियमाने दप्तरींचीच संपादनं सर्वांत जास्त धरली आहेत.

---

दप्तरी
पाहिली. कारण सापडलं: आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला ओळख क्रमांक. मी पुस्तकांचे संदर्भ जोडतो. भारतातल्या पुस्तकांचे जुने दहा आकडी आयएसबीएन ८१ ने सुरू होतात, आणि नव्या तेरा आकडींच्या सुरुवातीला ९७८. रेघा काढल्या की दोन्ही मोबाइल नंबरसारखेच दिसतात. नियमात 'आयएसबीएन' शब्दानंतरचा आकडा वगळा, आणि आकड्यांची ओळ बरोबर दहाचीच असेल तेव्हाच धरा, लांब असेल तर सोडा. नंबराआधी शून्य किंवा ९१ लावून येतात तेवढे मात्र वेगळे लिहावे लागतील.

आणखी एक, हे मराठीपुरतं आहे म्हणून जास्त काळजीने सांगतो. स्पॅमवाले शब्दांच्या आणि आकड्यांच्या मधे न दिसणारी चिन्हं पेरतात, म्हणजे डोळ्याला नंबर सरळ दिसतो पण गाळणीला तुटक. त्यावर उपाय म्हणून कित्येक तयार नियमांत 'अदृश्य चिन्ह आढळलं की अडवा' असं असतं. तो आपल्याकडे उचलू नका. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर', 'पायऱ्या' हे शब्द काही कळफलक 'ऱ' अक्षराने लिहितात आणि काही र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. हौदाच्या वर्णनात 'पायऱ्या' हा शब्द येणारच. तो नियम लावला तर जुन्या कळफलकावर मराठी लिहिणारा प्रत्येक माणूस स्पॅमवाला ठरेल, आणि आपण का अडलो हे त्याला कधीच कळणार नाही, कारण ते चिन्ह त्याला दिसतच नाही. जुळवण्यापूर्वी ही चिन्हं पुसून टाका, त्यांच्यावरून कुणाला अडवू नका. आकड्यांच्या मधे सापडलं तर गोष्ट वेगळी, तिथे त्याचं काही काम नसतं.

---

कोथरूडकर
दोन्ही दुरुस्त्या केल्या. पुन्हा चालवून पाहिलं, संदर्भांची संपादनं आता सुटतात. 'पायऱ्या' दोन्ही प्रकारे लिहून तपासलं, दोन्ही जातात. आणखी काही दिवस नोंदीच्या स्थितीतच ठेवतो. हडपसरवाली ताई आणि दप्तरी, रोज एकदा नोंद पाहत जा. अडवायला सुरुवात तुम्ही दोघांनी हो म्हटल्यावरच.

---

मुठाकाठी
मनापासून आभार सगळ्यांचे. नियमांची ही नोंद सगळ्यांना दिसेल अशी ठेवायची का? मला वाटतं, कुणाचं काय अडलं हे उघड असावं. आपण बंद खोलीत बसून लोकांचं लिखाण अडवतोय असं होऊ नये.

---

कोथरूडकर
अडलेल्यांची नोंद उघड ठेवू. नियमाचा नेमका साचा मात्र खासगी ठेवावा लागेल, नाहीतर तो वाचून त्याच्या बाजूने वाट काढतील. नियम काय करतो हे मराठीत एका पानावर लिहून टाकतो, कसा करतो ते प्रचालकांपुरतं.

---

तांबट_आळी
हे ठीक वाटतं.

मला वेगळी काळजी आहे. मागच्या महिन्यात एका हौदावर नवं पान आलं. भाषा गुळगुळीत, एक चूक नाही, लिंक नाही, नंबर नाही. 'हा हौद पेशवेकालीन स्थापत्यशैलीचा उत्कृष्ट नमुना असून परिसराच्या सांस्कृतिक जडणघडणीत त्याचे अनन्यसाधारण स्थान आहे.' सबंध पान असंच. त्या हौदाला पाणी कुठून यायचं, तो कोणत्या आळीच्या तोंडाशी होता, आज तिथे काय आहे, यातलं एक अक्षर नाही. बांधल्याचं वर्ष दिलं होतं, त्याला आधार काहीच नाही. यंत्राकडून लिहून घेतलेलं आहे हे मला वाचताच कळलं, पण तुमच्या गाळणीला कसं कळणार?

कॅसिनोचं पान कुणालाही खोटं आहे हे दिसतं. हे पान शाळेतला मुलगा प्रकल्पात उतरवेल आणि दहा वर्षांनी तेच वर्ष पुस्तकात छापून येईल.

---

दप्तरी
याला गाळणी नाही, काका. याला तुम्हीच आहात.

माझी सूचना एवढीच की नवं पान सुरू करताना चौकटीत आधीच तीन ओळी लिहिलेल्या असाव्यात: जागा नेमकी कुठे, आज तिथे काय आहे, ही माहिती कशावरून. 'कशावरून'मध्ये पुस्तक चालेल, फोटो चालेल, 'माझ्या आजीने सांगितलं'सुद्धा चालेल, फक्त तसं लिहा. आजीने सांगितलेलं आपल्याला हवंच आहे. ज्याला काहीच आधार नाही ते वर्ष दुसऱ्या कुणीही विनासंकोच काढावं. आणि जी पानं कुणी प्रत्यक्ष जाऊन पाहिलेली नाहीत त्यांच्यावर 'जागा पाहिलेली नाही' अशी तयार सूचना लावू. तपासेपर्यंत अशी पानं सर्चमध्ये येऊ देऊ नयेत. इंग्रजी विकिपीडियाही न तपासलेले नवे लेख नव्वद दिवसांपर्यंत सर्च इंजिनपासून दूर ठेवतो.

---

हडपसरवाली
तीन ओळींच्या चौकटीला पूर्ण पाठिंबा. नवख्यालाही त्याने मदत होईल. कोरं पान पाहून सुचत नाही.

आता माणसांचं बोलू, कारण वरचं सगळं कुणीतरी रोज बघायला हवं. सध्या सकाळची वेळ माझी, आणि परीक्षेच्या काळात मला जमत नाही. त्या दिवसांतच तक्रार-पानावरचा नंबर बदलला गेला. कुणी एकाने सगळं पाहण्यापेक्षा वार वाटून घेऊ. ज्याचा वार त्याने फक्त लाल उद्गारचिन्हं पाहायची आणि 'तपासलं' करायचं. पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. वार चुकणार असेल तर आदल्या दिवशी चर्चापानावर लिहायचं, त्यात संकोच नको. थकून गेलेला स्वयंसेवक शेवटी सगळं बंद करा म्हणतो किंवा न सांगता निघून जातो, आणि आपल्याला दोन्ही नकोय.

मी सोमवार आणि शुक्रवार घेते.

---

भवानी_पेठ
मंगळवार माझा.

---

पर्वती_पायथा
गुरुवार मी. अलीकडील बदलांचं पान स्क्रीन रीडरवर व्यवस्थित वाचलं जातं, आणि लपवलेल्या लिंका मला उलट आधी ऐकू येतात. शून्य उंचीच्या चौकटीतला मजकूर कित्येकदा स्क्रीन रीडर वाचून दाखवतो.

---

नवा_भिडू
मला अजून तपासण्याचे अधिकार नसतील, पण बुधवारी बसायची तयारी आहे. काय करू?

---

हडपसरवाली
अधिकार लागत नाहीत. संशयास्पद दिसलं की 'बदल उलटवा' कुणालाही दाबता येतं, तुम्हालाही. खात्री नसेल तर त्या पानाच्या चर्चेत 'हे बघा' एवढंच लिहा. आणि बुधवारी दहा मिनिटं एखादं पान सुधारण्यात घाला, नुसतं स्पॅम बघत बसू नका, त्याने माणूस कंटाळतो. तुमच्या भागातली एखादी विहीर असेलच.

---

मुठाकाठी
बुधवार नवा_भिडू, शनिवार मी, रविवार दप्तरी (त्यांनी फोनवर हो म्हटलंय). विकी लॉगिनशिवाय लिहायला उघडा राहील, तक्रार आणि संपर्काची पानं तेवढी तपासून दिसतील. कोथरूडकर, डेटाबेसची प्रत सर्व्हरच्या बाहेर दुसऱ्या कुणाकडेही असावी, ते राहिलंय.

---

कोथरूडकर
दर रविवारी रात्री प्रत निघते, ती आता दप्तरींकडेही आपोआप जाईल. परत चढवून पाहण्याची तालीम पुढच्या महिन्यात एकदा करू. न चढवून पाहिलेल्या प्रतीवर माझा भरवसा नाही.

---

तांबट_आळी
तक्रार-पानावर एकूण जे क्रमांक आहेत ते सोमवारी मी एकेक करून लावून पाहतो. कचेरीच्या वेळात, माझ्या लँडलाइनवरून. जो लागेल त्याच्यापुढे तारीख टाकतो, जो लागणार नाही तो पानावरून काढून चर्चेत ठेवतो. दर तीन महिन्यांनी हे माझ्याकडे. लॉगिन मात्र करणार नाही, पासवर्ड लक्षात राहत नाहीत. सारांशात 'फोन करून पाहिलं' असं लिहीन, त्यावरून ओळखा.

---

हडपसरवाली
काका, सारांश कुणीही लिहू शकतं, त्या मोबाइल नंबरवाल्यानेही लिहिला होता. तुम्ही यादी मला फोनवर सांगा, मी माझ्या खात्यातून टाकते. सोमवार माझाच आहे. दुपारी चारनंतर करा.